इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र वाचण्याआधी

विषाणूंची जी रंगीत चित्रं आपण पाहतो, लालभडक काटे आणि निळसर पोट असलेली, त्यांतले रंग कुणीतरी नंतर संगणकावर भरलेले असतात. रंग हा प्रकाशाच्या तरंगलांबीचा खेळ आहे आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात वस्तू पाहायला प्रकाश वापरलेलाच नसतो. तिथे हाती येतात काळ्या-पांढऱ्या आणि मधल्या करड्या छटा, म्हणजे कुठून किती इलेक्ट्रॉन आले याची नोंद. रंगांमुळे फारसं काही बिघडत नाही. पण त्या चित्रातली वस्तू निर्वात पोकळीत ठेवलेली असते, बहुतेक वेळा पूर्ण वाळवलेली असते, कधी जड धातूंच्या क्षारांत भिजवलेली तर कधी रेझिनमध्ये, म्हणजे नंतर कडक होणाऱ्या चिकट द्रवात, बंद करून कापलेली असते आणि वर तिच्यावर प्रचंड वेगाने इलेक्ट्रॉन आदळत असतात. एवढं सोसून जे शिल्लक राहिलं, त्याचं ते चित्र. म्हणून अशा चित्राचा अर्थ लावायचा तर यंत्राइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, नमुना कसा तयार केला हे समजून घ्यावं लागतं, असं माझं ठाम मत आहे.

प्रकाश जिथे थांबतो

साध्या सूक्ष्मदर्शकाला एक मर्यादा आहे आणि ती भिंगं कितीही चांगली घासली तरी हटत नाही. एर्न्स्ट अ‍ॅबे यांनी १८७३ साली ती मांडली. दोन बिंदू प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्यापेक्षा जवळ असतील, तर ते वेगळे दिसत नाहीत, एकच ठिपका दिसतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). म्हणजे २०० नॅनोमीटरच्या आसपास आपली नजर अडते. जिवाणू साधारण हजार नॅनोमीटरचा, तो दिसतो. पण तंबाखूच्या पानांवर रोग आणणारा मोझॅक विषाणू फक्त १८ नॅनोमीटर जाड आहे, पेशीतला रायबोसोम २५-३० नॅनोमीटरचा आणि सोन्याचे नॅनोकण अनेकदा १५-२० नॅनोमीटरचे. हे सगळे त्या रेषेच्या खाली राहतात. (अलीकडे चमकणारे रेणू वापरून प्रकाशानेही ही मर्यादा ओलांडता येते, पण तिथे दिसतात ते चिकटवलेले रेणू.)

मार्ग सापडला तो एका वेगळ्याच दिशेने. इलेक्ट्रॉनसारखा कणही लाटेसारखा वागतो, असं लुई द ब्रॉय्ली यांनी १९२४ मध्ये मांडलं आणि १९२७ मध्ये प्रयोगांनी ते सिद्ध झालं. मधल्या काळात, १९२६ मध्ये, हान्स बुश यांनी दाखवून दिलं की तारेच्या वेटोळ्यातून वीज सोडली की तयार होणारं चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनांना एका बिंदूत आणू शकतं, म्हणजे भिंगाचं काम करतं. लाट मिळाली आणि भिंगही मिळालं. बर्लिनमध्ये माक्स क्नोल आणि एर्न्स्ट रुस्का यांनी १९३१ मध्ये पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभा केला आणि १९३३ पर्यंत रुस्का यांनी प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला मागे टाकलं. त्यांचे धाकटे भाऊ हेल्मुट डॉक्टर होते. विषाणूंची सुरुवातीची काही चित्रं १९३९ मध्ये प्रसिद्ध झाली ती त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून, आणि तो विषाणू हाच तंबाखूचा. एर्न्स्ट रुस्का यांना नोबेल मिळालं ते मात्र १९८६ मध्ये, शोधानंतर अर्ध्या शतकाने.

दोन लाख व्होल्टचा दाब देऊन पळवलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सुमारे ०.००२५ नॅनोमीटर असते. एका अणूच्या व्यासाच्या तुलनेत हे काहीच नाही, मग अणूच्या आतलंही दिसायला हवं होतं. ते दिसत नाही, कारण चुंबकीय भिंगं सदोष असतात. कडेने गेलेले इलेक्ट्रॉन मधून गेलेल्यांपेक्षा अलीकडेच एकवटतात आणि चित्र पुसट होतं. ओटो शेर्त्सर यांनी १९३६ मध्ये सिद्ध केलं की गोल आणि स्थिर चुंबकीय भिंगांत हा दोष टाळणं शक्यच नाही. तो दुरुस्त करणारी, गोल नसलेल्या चुंबकांची रचना हायडर, रोझ आणि उर्बान यांनी १९९०च्या दशकाच्या शेवटी चालवून दाखवली. आज अशा यंत्रांत अणूंच्या रांगा सुट्या दिसतात.

यंत्रं मुख्यतः दोन प्रकारची. टीईएममध्ये (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) इलेक्ट्रॉन नमुन्यातून आरपार जातात आणि खाली सावलीसारखं चित्र उमटतं. त्यासाठी नमुना साधारण १०० नॅनोमीटरपेक्षा पातळ हवा. एसईएममध्ये (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत पृष्ठभागावरून ओळीओळीने फिरतो आणि तिथून उसळून आलेले इलेक्ट्रॉन बाजूचा डिटेक्टर मोजतो. त्यामुळे चढउतार, खाचा, केस असं सगळं उठावदार दिसतं. आतलं पाहायचं तर टीईएम, वरचं पाहायचं तर एसईएम, एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं समजेल.

नॅनोकण: सोपे वाटतात

धातूचे नॅनोकण या यंत्रासाठी जणू घडवलेलेच असतात. सोन्याच्या अणुकेंद्रात ७९ प्रोटॉन असतात, त्यामुळे ते इलेक्ट्रॉनांना जोरात विखुरतं आणि फिकट पार्श्वभूमीवर काळाकुट्ट ठिपका दिसतो. निर्वात पोकळीचं त्याला काही वाटत नाही, झोतही तो सहन करतो. नमुना तयार करणंही थोडक्यात होतं. तांब्याची सुमारे तीन मिलिमीटर व्यासाची गोल जाळी घ्यायची, तिला ग्रिड म्हणतात. तिच्यावर कार्बनचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा ताणलेला असतो. चिमट्याने ग्रिडची फक्त कड धरायची, कारण मध्ये टोक लागलं की पापुद्रा फाटलाच. कण असलेल्या द्रवाचे काही मायक्रोलिटर वर सोडायचे, मिनिटभर थांबायचं आणि फिल्टर पेपरची कड थेंबाला बाजूने टेकवायची. द्रव कागदात शोषला जातो, कण पापुद्र्यावर राहतात. ग्रिड वाळली की यंत्रात.

खरी गंमत आणि खरी अडचण त्या वाळण्यातच आहे. थेंब आटत जातो तसं पाणी कडेकडे वाहतं आणि कणांना सोबत ओढून नेतं. आटणाऱ्या पाण्याचा ताण शेजारच्या कणांना एकमेकांना चिकटवतो. यंत्रात पाहावं तर कणांचे पुंजके. हे पुंजके बाटलीतच होते की वाळताना झाले? नुसत्या चित्रावरून सांगता येत नाही. द्रावणात मीठ असेल तर त्याचे स्फटिक बनतात आणि नवख्या नजरेला तेही नॅनोकणच वाटतात. कार्बनचा पापुद्रा मुळात पाणी झिडकारतो, त्यामुळे थेंब पसरतच नाही आणि कण एका कोपऱ्यात गोळा होतात. म्हणून आधी ग्रिड काही क्षण कमी दाबाच्या हवेतल्या विद्युत्-विसर्गात ठेवतात. त्याने पृष्ठभाग पाण्याला आपलंसं करतो. या एका पायरीने चित्रात किती फरक पडतो, हे शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन ग्रिड पाहिल्याशिवाय पटत नाही.

दुसरी फसगत सावलीची. टीईएमचं चित्र सपाट असतं. उभी राहिलेली नळकांडी वरून गोल दिसते, पातळ तबकडी आडवी पडली तर गोल आणि कडेवर उभी राहिली तर रेघ. एकाच बाटलीत 'गोल कण आणि सळ्या असं मिश्रण आहे' असा निष्कर्ष काढण्याआधी ग्रिड यंत्रातच तिरपी करून पाहायची. तिरपी केल्यावर गोल ठिपका लांबट झाला, तर ती सळीच.

आकार मोजताना पाच-दहा सुंदर कण निवडून सरासरी काढण्याचा मोह होतो. त्याला काही अर्थ नाही. ग्रिडच्या वेगवेगळ्या चौकटींतली चित्रं घेऊन शेकडो कण मोजावे लागतात, तेही जे समोर येतील ते, सरसकट. शिवाय इथली संख्या आणि लेझर प्रकाश टाकून द्रवातच मोजलेली संख्या जुळत नाही म्हणून गोंधळून जायचं कारण नाही. टीईएमला धातूचा गाभा दिसतो. कणाभोवतीचं सेंद्रिय आवरण जवळजवळ पारदर्शक असतं. प्रकाशाची पद्धत मात्र आवरण आणि त्याच्यासोबत हलणारं पाणी धरून मोजते, आणि मोठ्या कणांना जरा जास्तच वजन देते. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर असतात.

आणखी मोठं करून पाहिलं की कणावर बारीक समांतर रेषा दिसू लागतात. त्या अणूंच्या थरांच्या खुणा. सोन्यात त्यांतलं एक नेहमी दिसणारं अंतर ०.२३५ नॅनोमीटर आहे. एवढ्या अंतरावरून पदार्थाची ओळख पटायला मोठी मदत होते. मात्र चांदीतही हे अंतर जवळपास तेवढंच असतं, तेव्हा या एकाच पुराव्यावर सोनं म्हणून शिक्का मारायचा नाही.

जिवंत गोष्टींच्या तीन अडचणी

पेशीचं सगळं उलटं. ती बहुतांशी पाणी असते आणि निर्वात पोकळीत पाणी उडून जातं. ती कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन अशा हलक्या अणूंची बनलेली असते, त्यामुळे इलेक्ट्रॉन तिच्यातून जवळजवळ सरळ निघून जातात आणि चित्रात काहीच उठून दिसत नाही. आणि झोत तिचे रासायनिक बंध तोडत जातो, म्हणजे पाहता पाहता ती जळते.

विसाव्या शतकाच्या मध्यावर या अडचणींवर जी वाट काढली गेली, ती आजही रोज वापरली जाते. आधी ग्लुटराल्डिहाइड. ते प्रथिनांना एकमेकांशी बांधून जागच्या जागी खिळवतं. मग ऑस्मियम टेट्रॉक्साइड. ते स्निग्ध पदार्थांना पकडतं, त्यामुळे पेशीतली पटलं टिकतात आणि जड धातू बसल्याने काळी दिसतात. (याची वाफ डोळ्यांना गंभीर इजा करते, म्हणून हे काम वाफ ओढून घेणाऱ्या बंदिस्त कपाटातच.) नंतर अल्कोहोलचं प्रमाण पायरीपायरीने वाढवत पाणी काढून टाकायचं, त्याच्या जागी पातळ रेझिन मुरवायचं आणि साधारण ६० अंशांच्या भट्टीत ठेवून ते कडक करायचं. आता पेशी एका पिवळसर ठोकळ्यात बंद.

पुढचा भाग मला या सगळ्या कामात सर्वांत देखणा वाटतो. ठोकळ्याचं टोक ब्लेडने तासून छोट्या समलंब चौकोनासारखं करतात आणि अल्ट्रामायक्रोटोम नावाच्या यंत्रात ते हिऱ्याच्या सुरीवरून खालीवर जातं. प्रत्येक फेरीला ६० ते ९० नॅनोमीटर जाडीचा काप निघतो. सुरीच्या मागे पाण्याचं छोटं कुंड असतं. काप त्यावर तरंगत येतो, पुढच्या कापाला कड चिकटून राहते आणि पाण्यावर एक पट्टी लांबत जाते. जाडी मोजायला मोजपट्टी नसते. कापाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळून रंग दाखवतो, आणि त्या रंगावरूनच जाडी ओळखायची. करडा म्हणजे फार पातळ, चंदेरी म्हणजे हवी तशी, सोनेरी म्हणजे थोडी जाड, जांभळा आला तर टाकून द्या. पट्टी सुटी करायला, वळवायला वापरतात ती काडीच्या टोकाला चिकटवलेली पापणी. त्याहून जाड काहीही लागलं तर काप चुरगळतो. नंतर ग्रिड पाण्यात हळूच बुडवून पट्टीखालून वर उचलायची. त्यावर युरेनिल अ‍ॅसिटेट आणि लेड सायट्रेट यांची प्रक्रिया झाली की युरेनियम आणि शिसं पेशीच्या भागांवर कमीजास्त बसतं आणि मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या घड्या, केंद्रकाचं दुहेरी पटल, रायबोसोमचे दाणे हे सगळं दिसू लागतं. म्हणजे आपण पाहतो ते पेशीवर बसलेले जड धातू. पेशीचे स्वतःचे अणू त्या चित्रात जवळपास नसतातच.

या पद्धतीने पेशीविज्ञान घडवलं. अल्बेर क्लोद, जॉर्ज पलाड आणि क्रिस्तियन द द्यूव्ह यांना १९७४ चं नोबेल मिळालं, त्यात या यंत्राचा वाटा मोठा होता. पण याच पद्धतीने एक लांबलचक चूकही घडवली. जिवाणूंच्या कापांत १९५०च्या दशकात पटलाच्या गुंडाळ्या दिसल्या. त्यांना मीसोसोम असं नाव मिळालं. त्या श्वसनासाठी असाव्यात, पेशी दुभंगताना लागत असाव्यात, असे तर्क मांडले गेले आणि पाठ्यपुस्तकांत त्यांच्या आकृत्या छापून आल्या. पुढे रसायनांऐवजी अतिवेगाने गोठवून जिवाणू पाहिले तेव्हा मीसोसोम नव्हतेच. खिळवण्याच्या रसायनांनीच पटलाला आत वळवून त्या गुंडाळ्या केल्या होत्या. चित्रं खोटी नव्हती. ज्यांनी ती काढली तेही निष्काळजी नव्हते. नमुना तयार करण्याची पद्धतच चित्रात येऊन बसली होती. आजही एखादी नवी रचना फक्त एकाच पद्धतीने दिसत असेल, तर दुसऱ्या पद्धतीने ती दिसेपर्यंत थांबणं मी शहाणपणाचं मानतो.

एसईएमसाठी काप लागत नाहीत, पण पेशी वाळवावी लागतेच. साधी हवेत वाळवली तर पाण्याचा पृष्ठताण तिला चपटी करतो. म्हणून अल्कोहोलच्या जागी द्रवरूप कार्बन डायऑक्साइड भरतात आणि तापमान ३१ अंशांच्या व दाब ७३ वातावरणांच्या वर नेतात. त्या स्थितीत द्रव आणि वायू यांच्यातली सीमाच उरत नाही, त्यामुळे पृष्ठताणही नाही. मग दाब सोडायचा. शेवटी सोन्याचा किंवा प्लॅटिनमचा काही नॅनोमीटरचा थर द्यायचा, नाहीतर पृष्ठभागावर विद्युतभार साठतो आणि चित्रात पांढरे फराटे येतात.

गोठवणं, पण बर्फ न होऊ देता

पाणी काढायचंच नाही, असं ठरवलं तर? गोठवलेलं पाणी निर्वात पोकळीत टिकतं. पण गोठताना बर्फाचे स्फटिक बनतात आणि ते सगळं फाडून टाकतात. जाक दुबोशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला यावर उपाय काढला. पाणी इतक्या वेगाने थंड करायचं की रेणूंना रांगेत उभं राहायला वेळच मिळू नये. ते काचेसारखं, स्फटिकाविना घट्ट होतं.

त्यासाठी द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असूनही चालत नाही. तो आधीच उकळण्याच्या बेतात असतो, गरम ग्रिड आत गेली की तिच्याभोवती वायूचा थर तयार होतो आणि उष्णता बाहेर पडत नाही. ईथेन मात्र उणे १८३ ते उणे ८९ अंशांपर्यंत द्रव राहतं. म्हणून नायट्रोजनने थंड केलेल्या ईथेनमध्ये ग्रिड झपकन बुडवतात. नंतर शेवटपर्यंत ती उणे १३५ अंशांच्या खाली ठेवावी लागते, नाहीतर काच मोडून स्फटिक होतात.

आता पेशीतल्या किंवा द्रावणातल्या गोष्टी खऱ्याखुऱ्या पाण्यात, कुठल्याही धातूविना दिसतात, पण फारच अंधूक. झोत वाढवावा तर प्रथिन जळतं. एका चौरस अँगस्ट्रॉमला (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) ४०-५० इलेक्ट्रॉन, साधारण एवढंच ते सोसतं. मग मार्ग असा की एकाच प्रथिनाच्या हजारो-लाखो प्रतींची अंधूक चित्रं घ्यायची. त्या वेगवेगळ्या बाजूंवर पडलेल्या असतात. संगणक त्यांना बाजूंनुसार लावून सरासरी काढतो आणि त्यातून त्रिमिती आकार उभा करतो. या गणिताचा पाया योआखिम फ्रांक यांनी घातला. रिचर्ड हेंडरसन यांनी १९९० मध्ये एका प्रथिनाची अणूंपर्यंतची रचना या यंत्राने मिळवून दाखवली होती. दुबोशे, फ्रांक आणि हेंडरसन यांना २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. करोना विषाणूच्या काट्याची रचना फेब्रुवारी २०२० मध्ये, विषाणूचा जनुकीय क्रम जाहीर झाल्यावर काही आठवड्यांतच, याच पद्धतीने प्रसिद्ध झाली. सरासरीची अटही समजून घ्यायला हवी. सगळ्या प्रती सारख्या असल्या तरच ती चालते. जे क्वचित आढळतं, ते सरासरीत बुडून जाऊ शकतं.

लसींमध्ये वापरतात तसे स्निग्ध पदार्थांचे नॅनोकणही इथेच पाहावे लागतात. ते वाळवले की बसतात, चेपतात, आणि मग आतली रचना काय होती हे सांगता येत नाही.

नॅनोकण पेशीच्या आत

औषध वाहून नेणारा कण पेशीत शिरला का, कुठे थांबला, हा प्रश्न आला की वरच्या सगळ्या अडचणी एकत्र येतात. कापात एक काळा ठिपका दिसतो. तो आपला सोन्याचा कण असेल. पण तो लेड सायट्रेटचा साका असू शकतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संबंध आला की शिशाचे असे ठिपके पडतातच. तो ऑस्मियमचा दाणाही असू शकतो. म्हणून कणच न दिलेल्या पेशींचे, अगदी त्याच रीतीने तयार केलेले काप शेजारी ठेवावेच लागतात. ते नसतील तर मी अशा चित्रावर विश्वास ठेवत नाही.

ठिपका कशाचा हे ठरवायला क्ष-किरणांची मदत होते. झोत पडला की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण सोडतं आणि डिटेक्टर ते वाचतो. इथेही जपून. तांब्याच्या ग्रिडवर तांबं दिसणारच, तेव्हा तांब्याचे कण शोधत असाल तर निकेलची किंवा सोन्याची ग्रिड घ्या. चांदी आणि युरेनियम यांचे काही क्ष-किरण जवळजवळ एकाच ऊर्जेचे असतात. चांदीचे कण शोधायचे तर त्या कापांना युरेनिल अ‍ॅसिटेट लावायचंच नाही, चित्र फिकं आलं तरी चालेल.

मग कण आत आहे की वर? सुरी कधीकधी कणाला ओढत नेते आणि तो कापाच्या पृष्ठभागावर पडतो. कणाभोवती पटलाची पिशवी स्पष्ट दिसत असेल तर तो पेशीने गिळलेला असण्याची शक्यता भक्कम. केंद्रकावर सुटा, एकटाच दिसला तर काप तिरपा करून पाहायचा: वर पडलेला कण खालच्या रचनेच्या तुलनेत सरकतो, आत रुतलेला तिच्यासोबतच राहतो. आणि एका पेशीतून असे शेकडो काप निघतात, त्यांतला एखादाच आपण पाहिलेला असतो. 'पेशीत किती कण गेले' याचं उत्तर हवं असेल तर लागोपाठचे काप पाहावे लागतात, किंवा ठोकळ्याचा पृष्ठभाग थराथराने कापत प्रत्येक थराचं एसईएम चित्र घेणाऱ्या यंत्राकडे जावं लागतं. त्यातून संपूर्ण पेशी त्रिमितीत मिळते, फक्त इतके बारीक कण त्यात सुटे दिसतीलच असं नाही, म्हणून पुंजके तिथे मोजायचे आणि सुट्या कणांसाठी टीईएमकडे परत यायचं.